केशरी झेंडूची पाटी

"आधी पाटी रोव रं बाळा, मग बी टाक. बी काय तोंडानं सांगतंय व्हय, मी कोन ते?"

कुशाबाई आजीचा हा आवाज मी सात वर्षांचा असताना ऐकलेला. वारूळवाडीला भिकामामाच्या रोपांच्या नर्सरीत ती ट्रे भरायची, भरता भरता ओव्या म्हणायची. मी तिच्या पदराआड बसून मातीत बोटं बुडवायचो. ती गेली, ओव्या गेल्या. मी मोठा होऊन त्याच नर्सरीत सुपरवायझर झालो.

तेजस्विनी तिथं गेल्या पावसाळ्यात कामाला आली. ट्रेच्या एकेका खळग्यात बी टाकताना तिची बोटं अशी चालायची, जशी जात्यावरची बाई घास घालते, न बघता आणि न चुकता. एके दिवशी तिच्या लाईनीत दोन जातींचा झेंडू होता, केशरी आणि पिवळा. पाट्या लावायचं काम माझं. मी तिच्याकडं बघत राहिलो. संध्याकाळी भानावर आलो तेव्हा बी टाकून झालं होतं, ती हात धुऊन घरी गेली होती. मी अंदाजानं पाट्या रोवल्या.

झेंडूचं रोप पिवळं काय नि केशरी काय, सारखंच हिरवं. दोन महिने कुणाला कळलं नाही. मग दसऱ्याच्या तोंडावर, आमच्याकडनं केशरीची रोपं नेलेले निरगुडसरचे शेतकरी सावळेराम मुठीत पिवळी फुलं घेऊन आले.

"भिकाशेठ, देवळाला केशरी फुलं द्यायचा शबूद दिला व्हता मी. आता काय तोंड दाखवू?"

मामानं वही उघडली. "लाईन कुनाची?"

वहीत तेजस्विनीचं नाव.

"मामा, माझ्याकडनं न्हाई झालं," ती म्हणाली.

"मग काय फुलांनी आपल्या मनानं रंग बदलला?"

बाया हसल्या. मी पाईप गुंडाळत होतो, तो गुंडाळतच राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं. शेजारच्या नर्सऱ्यांतही तिला कुणी घेईना. 'ती झेंडूवाली का?' एवढं विचारलं की बोलणं संपायचं.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो. ती दारात बसली होती, डोळे सुजलेले. माझ्या तोंडून भलतंच निघालं, "माझा भरवसा आहे तुझ्यावर. तू चुकली न्हाईस."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तसं मला आजवर कुणी बघितलं नव्हतं. तिथून आमचं सुरू झालं. फोन, मग भेटी, मग दोन्ही घरांचा होकार. ती हसली की मला आधी गोड वाटायचं आणि लगेच तोंडात माती आल्यासारखं व्हायचं.

येत्या रविवारी साखरपुडा. तेजू आता आळेफाट्याला गाड्यांच्या पार्टच्या दुकानात आहे. काल दुपारच्या सुट्टीत आम्ही तिथल्याच हॉटेलात मिसळ खात होतो. बाहेर नाशिकच्या एसटीचा हॉर्न चालला होता.

"उखाणा जुळवलाय मी," ती म्हणाली. "मोबाईलमधला न्हाई हां, सोताचा. हसायचं न्हाई."

"न्हाई हसत."

"तुझं नावच असलं, राव! आदेश म्हनलं की तहसीलचा कागद आल्यासारखं वाटतं." मग घसा साफ करून, टेबलावर बोटानं ठेका धरून ती म्हणाली,

"साऱ्यांनी फिरवली पाठ, एकानं धरला हात,
आदेशरावांच्या भरवशावर जाते त्यांच्या घरात."

मी चमचा ताटलीत ठेवला.

"भिकामामा पुढंच बसत्याल ना? त्यांच्याकडं बघूनच घेनारे. कळू दे त्यांना, एक मानूस व्हता माझ्या बाजूचा." तिनं माझ्या ताटलीत आपला पाव ठेवला. "काय रं? आवडला न्हाई का?"

चारचौघांत ती ताठ मानेनं हे म्हणणार, मामा मान खाली घालणार, लोक माझ्याकडं कौतुकानं बघणार. आणि मी? मी हार घालून बसणार.

"तेजू, तो उखाणा घेऊ नको."

"का?"

"भरवसा नव्हता तो." मी तिचा पाव तिच्या ताटलीत परत ठेवला. "मला माहीतच होतं. पाट्या मी लावल्या होत्या. तू गेल्यावर, अंदाजानं. मामानं विचारलं तेव्हा मी तिथंच उभा होतो, तेजू, आणि तुझं नाव जाऊ दिलं."