दोन पायऱ्यांवरचा उतार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी उतार आहे. काहीजण मला रॅम्प म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देतो. एका अरुंद रस्त्यावर, कपडे शिवून आणि दुरुस्त करून देणाऱ्या दुकानापुढे, दोन उंच पायऱ्यांवर अंग टाकून मी पडून असे. पडून राहणे हेच माझे काम होते आणि ते मी मन लावून केले.

खरे तर मी कपाट होणार होतो. ज्या सुताराने मला घडवले त्याने गिऱ्हाइकाच्या भिंतीचे माप घेतले, पण दाराचे घ्यायला तो विसरला. कपाट काही केल्या दारातून आत जाईना. सुताराने कपाळाला हात लावला, फळ्या सुट्या केल्या आणि आपल्या कारखान्याच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. तिथे मी धूळ खात होतो.

सुताराची मोठी बहीण त्या शिवणाच्या दुकानात काम करी. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. एका आजारात तिच्या पायांतले बळ गेले. हातांतली कला मात्र तशीच राहिली. दुकानाच्या मालकीणबाईंनी तिचे मशीन दुसऱ्या कुणाला दिले नव्हते. उलट हाताने चालू-बंद करता येईल अशी मोटर त्याला बसवून घेतली होती. ताईला चाकांची खुर्चीही मिळाली. सगळे जमून आले आणि दोन पायऱ्यांनी खो घातला.

रोज सकाळी सुतार बहिणीला उचलून आत नेई. येणारे-जाणारे थांबून बघत, कुणी हळहळत. थोड्याच दिवसांत ताई विटली.

"मी काय पोतं आहे का रे? अशी उचलून न्यायची असेल तर मला कामच नको," ती म्हणाली.

ती बोलली तसे करणारी होती. सुतार घरी... नाही, तो घरी गेलाच नाही. तडक कारखान्यात आला आणि माझ्यावरची धूळ झटकली.

त्याने मला रंधा मारला, घासले, पायऱ्यांच्या उंचीप्रमाणे खाली आधार दिले. इथवर ठीक होते. पण जन्मभर कपाटे केलेला माणूस तो! हाताची सवय कुठे जाते? त्याने मला पॉलिशचे हातावर हात दिले. माझ्यात तोंड दिसू लागले तेव्हा मी चांगलाच फुशारलो.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्यावर चढू लागली आणि निम्म्यावर चाके जागीच फिरली. खुर्ची सरसर मागे आली. सुताराने ती छातीवर झेलली म्हणून बरे.

"अरे बाबा," ताई दम खाऊन म्हणाली, "मला दुकानात जायचंय. तुझं पॉलिश बघायला नाही आले मी."

सुतार ओशाळला. त्याने पॉलिश खरवडून काढले, चढ फार उभा होता म्हणून फळ्या जोडून मला लांब केले आणि ओल्या रंगावर जाड रेती पेरली. माझे रूप गेले, पण अंगी पकड आली. पुन्हा ताई आली. सुतार मागे चालत होता, मदतीला हात पुढे जाऊ नयेत म्हणून ते पाठीशी घट्ट धरून. ती एकटी वर गेली, मशीनपाशी बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. सुतार मात्र बाहेर उभा राहून डोळे पुसत होता.

मग माझे दिवस सुखात गेले. बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया माझ्यावरून आल्या, कापडाचे गठ्ठे ओढणारे हमाल आले. शेजारचे घड्याळवाले काका आधी नाक मुरडत, की याने निम्मा फुटपाथ खाल्ला. त्यांचे गुडघे दुखू लागले तेव्हा तेही गुपचूप माझ्यावरूनच ये-जा करू लागले. तरी त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्यामुळे चालणाऱ्यांना गाड्यांच्या रस्त्यावर उतरावे लागे. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण होत होती आणि मला ते बोचत होते.

पावसापाण्याने माझी कड कुजली. त्याच सुमारास रस्ता नव्याने करायचे ठरले. नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई नकाशा घेऊन आल्या. त्या नकाशात मी नव्हतो. हे फुटपाथवरून काढावे लागेल, असे त्या म्हणाल्या तेव्हा माझी पाचावर धारण बसली. ताई दारात आली.

"काढा की. पण मग मी आत कशी जाऊ, तेही सांगून जा."

पुष्कळ कामे उंटावरून शेळ्या हाकून होतात, मित्रांनो. पण या बाई निराळ्या निघाल्या. त्यांनी नकाशाची घडी केली आणि विचारले, "तुम्ही कुठे कुठे अडता, ते मला दाखवाल?"

कपडा अंगावर चढवायचा आणि जिथे ओढतो तिथे खडूने खूण करायची, ही ताईची रीत. तिने लाकडी मोजपट्टीच्या टोकाला शिवणाचा खडू बांधला आणि खुर्चीत बसून रस्ताभर खुणा करत निघाली. जिथे चाक अडते तिथे फुली, जिथे पाणी तुंबते तिथे गोल. काकांनी खडू मागून घेतला आणि बसायला जागा हवी तिथे रेघ ओढली. एका आंधळ्या गृहस्थांनी काठीने वाटेतला खांब दाखवला. संध्याकाळपर्यंत सगळा रस्ता कच्च्या शिलाईच्या कोटासारखा दिसू लागला.

"अंगाप्रमाणे कपडा बेततात, मॅडम," ताई म्हणाली. "कपड्याप्रमाणे अंग नाही कापत."

बाई हसल्या आणि त्या खुणांवरून त्यांनी नकाशा नव्याने काढला. रुंद फुटपाथ झाला. तो हळूहळू चढत दुकानाच्या उंबऱ्याला येऊन मिळाला, आणि पायऱ्या त्याच्या पोटात गडप झाल्या. वाटेतला खांब हलला. झाडांच्या बुंध्याशी माती मोकळी ठेवली, पाणी तिथे मुरू लागले. सावलीत पाठ टेकायची बाके आली.

आणि मी? मला भिंतीला टेकवून ठेवले होते. काम उरकल्यानंतरच्या पहिल्या सकाळी ताई मालकीणबाईंशी बोलत बोलत आली आणि बोलण्याच्या नादात तशीच आत गेली. उंबरा कधी ओलांडला ते तिला कळलेही नाही. माझ्याकडे बघायचेही ती विसरली. गरज सरो नि वैद्य मरो, असे लोक कडवटपणे म्हणतात. पण रोगी पुरता बरा झालेला पाहून वैद्याला किती आनंद होतो, ते मला त्या दिवशी समजले. मी त्या विसरण्याचा फार ऋणी आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही घरे, शाळा, रस्ते बांधाल. तिथे जो सर्वांत कमी चालू शकतो, बघू शकतो, त्याचे माप आधी घ्या. मग माझ्यासारख्या ठिगळाची गरजच पडणार नाही.

दुपारी ताईला माझी आठवण झालीच. तिने भावाला हाक मारली. त्याने माझी कुजलेली कड कापली, रेती काढली आणि माझे ठेंगणे कपाट केले, खुर्चीत बसून तिचा हात पोहोचेल एवढे. या वेळी त्याने दाराचे माप आधी घेतले. आता माझ्यात रंगीत दोऱ्यांची रिळे असतात. मला दुकानात आणून ठेवले तेव्हा सुतार हातात डबा घेऊन घुटमळत उभा होता. ताईने माझ्या फळीवरून हात फिरवला.

"आता कर," ती म्हणाली, "हवं तेवढं पॉलिश कर."