शेंडे खुडायचे दिवस

सप्टेंबर सरत आला होता आणि कुंपणालगतचे अ‍ॅस्टर हॉलिसच्या खांद्याला लागले होते. व्हरमाँटमधल्या त्या गावात इतके उंच अ‍ॅस्टर दुसऱ्या कुणाकडे नव्हते. लग्नाच्या वर्षी हॉलिसने आईच्या बागेतून पहिला गड्डा आणला होता. येताना गाडीत पुढे गड्डा बसला आणि मागे अल्मा, असं तो पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायचा. आता शेंडे कळ्यांनी गच्च भरले होते. जरा ऊन पडलं की सगळं कुंपण जांभळं होणार होतं.

सोमवारी हॉलिसला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. त्याआधी त्याने एकदा तो बहर पाहावा, एवढंच अल्माच्या मनात होतं.

सकाळी ती मागच्या दारी आली, तर हॉलिस वाफ्यात उभा. एकेक शेंडा चिमटीत धरून खुडत होता. पायाशी कळ्यांचा खच.

"अरे हॉलिस, काय करतोयस?"

"दिसत नाही? शेंडे खुडतोय. आता नाही खुडले तर फुटवे येणार कसे? मग वाऱ्याने आडवे झाले की तूच कुरकुरशील."

"ते जूनमध्ये रे. आता सप्टेंबर आहे."

"तुझं कॅलेंडर नेहमीच पुढे धावतं." तो हसला. "चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा झेंडा लागेपर्यंत खुडायचं. कुठाय झेंडा?"

हात धरून थांबवावं, तर तो बिथरायचा. मग दिवसभर रडत बसायचा. अल्मा घाईने आत गेली. माळ्यावरून झेंडा काढून तिने तो मागच्या दारापुढच्या खांबाला लावला.

हॉलिसने मान वर करून पाहिलं.

"लोकांना धीर म्हणून नाही," तो म्हणाला. "आत्तापासूनच झेंडे लावून बसलेत." आणि पुन्हा खुडू लागला.

शेवटी एकच ताटवा उरला. अल्मा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. कळ्या तिच्या पाठीला लागत होत्या. हॉलिस जवळ आला, थबकला. त्याने टोपी काढली.

"माफ करा हं बाई," तो अदबीने म्हणाला, "जरा बाजूला होता का? माझ्या बायकोला ही फुलं फार आवडतात. ती यायच्या आत आटपायचंय मला."

अल्मा बाजूला झाली.