कापडी पंखांचे विमान

मिस्त्रींच्या मुलीचा पहिला दुधाचा दात पडला, त्या वर्षी मी या फ्लाइंग क्लबात आलो. दाताचे खिंडार दाखवत ती हँगरच्या दारात उभी होती. मिस्त्रींनी मला पेटीतून काढले तेव्हा ती टाळ्या पिटत स्वतःभोवतीच फिरली. तेव्हापासून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले.

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकणारा नव्हे, विमानाच्या नाकावर फिरणारा, लाकडी फळ्या एकावर एक चिकटवून घडवलेला. खरे तर मी अख्खे विमान होतो. फुटक्या कपाचा कान हातात उरावा, तसा आता एवढाच उरलो आहे. पण झोपेत मला अजून पंख असतात.

ते पंख कापडाचे होते. खोटे वाटेल, पण साधे सुती कापड. आत लाकडाच्या बारीक बरगड्या, त्यांवर शिवलेले कापड, आणि वरून रोगण. रोगण वाळले की कापड ढोलकीसारखे ताणून वाजायचे. ही शिवण मिस्त्रीणबाईंची. दातात दोरा धरून त्या तासन् तास माझ्याजवळ बसायच्या, पण माझ्यात बसून कधी उडाल्या नाहीत. "मीच शिवलंय ना ते! आत नुसती हवा आहे," म्हणायच्या.

कितीजण माझ्यावर शिकले! नवशिक्यांचे हात घामेजून जायचे. मागच्या जागेवरून शिकवणारे कॅप्टन ओरडायचे, "अरे, बैल आहे का तो? ओढू नकोस, विनव त्याला!" मग मी वर जायचो. खाली नदी सांडलेल्या दुधाच्या ओघळासारखी दिसायची. ढगात शिरलो की सगळेच विरघळायचे, माझा आवाजसुद्धा. परत उतरताना मला नेहमी वाटायचे की आपण एका झोपेतून दुसऱ्या झोपेत चाललो आहोत.

भिंगरी मोठी झाली आणि तीही माझ्यावरच शिकली. तिच्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाचा दिवस ठरला, तेव्हा मिस्त्रीणबाई भर हँगरमध्ये सगळ्यांसमोर कडाडल्या, "जळो ते मेलं विमान! एकटी वर जाणार म्हणे!"

मित्रांनो, माणसे काहीबाही बोलतात. पण बोललेले कधी कधी दबा धरून बसते.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी मला नाकावरून काढून मागच्या पडवीत लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले आणि जवसाचे तेल चोळले. मग तेलकट चिंध्या तारेवर सुट्या सुट्या पसरल्या. हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. तेलाच्या चिंध्या एकत्र कोंबल्या तर आपोआप तापतात, काडी न लावता पेटतात. पण हे मिस्त्रींनी घरात कधी सांगितले नव्हते, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

ते जेवायला गेले आणि मिस्त्रीणबाई झाडू घेऊन आल्या. लेकीचा उद्या मोठा दिवस, हँगर लख्ख दिसायला हवा. तारेवरच्या चिंध्या त्यांनी चाचपल्या. वाळल्याशा लागल्या. वाळलेले कपडे गोळा करून घडी घालायला बाईच्या हाताला कोणी सांगावे लागत नाही. सगळ्या घड्या टोपलीत दाबून बसवल्या, टोपली आत हँगरमध्ये विमानाच्या पंखाखाली सारली आणि त्या घरी गेल्या.

दुपार कलली तेव्हा मला दारातून माझाच डावा पंख दिसला. तो आतून उजळला होता. एकेक बरगडी, एकेक टाका स्पष्ट दिसत होता, जणू कोणी कंदील पेटवून आत ठेवलाय. क्षणभर मी इतका सुंदर दिसलो! मग रोगणाने भडका घेतला. लोकांनी मला पडवीतून ओढून काढले. बाकी काही हाती लागले नाही.

मिस्त्रीणबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या हातात एक अर्धवट शिवलेली उशी होती.

भिंगरीचे तोंड काजळीने माखले होते. "झालं ना तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली.

 आई मिस्त्रींकडे वळली. "अहो, त्या चिंध्या मी टोपलीत ठेवल्या होत्या. वाळल्या होत्या की!"

मिस्त्री म्हणाले, "वाळत नव्हतो घालत गं. तापू नयेत म्हणून पसरत होतो. इतकी वर्षं झाली, मी तुला सांगितलंच नाही."

"आणि टोपली नेमकी विमानाखालीच?" भिंगरीचा आवाज फाटला. "अन् ही उशी कसली आणलीस आता?"

"तुझ्यासाठी. बुटकी आहेस, माझ्यावर गेलीस. विमानाच्या नाकावरून पुढचं दिसत नाही म्हणालीस ना परवा? उद्या मागे कॅप्टनही नसणार. पुढे काय आहे ते तुला कोण सांगणार होतं?"

उशीला सुई लोंबत होती. आईला टोचू नये म्हणून भिंगरीने ती धरली, आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

पुढे दुसऱ्या क्लबाचे पत्र्याचे विमान आले. भिंगरी उशी घेऊन चढली.

"यात तरी आत काही आहे का?" आईने विचारले.

"हवाच आहे, आई."

"मग उशी घट्ट ठेव."

भिंगरी एकटी उडाली. मिस्त्रीणबाई गवतात उभ्या राहून डोळे न मिटता पाहत होत्या. 

मला त्यांनी शिवणाच्या खोलीत भिंतीवर टांगले. दर महिन्याला तेल लावायच्या, आणि चिंध्या अंगणात सुट्या पसरायच्या. मित्रांनो, तुम्हीही तसेच करा. आणि जे ठाऊक आहे ते घरच्यांना सांगत जा. साठवून ठेवू नका.

मिस्त्री गेले ते भिंगरी क्लबात उडायला शिकवणारी शिक्षिका झाली त्या वर्षी. मिस्त्रीणबाई यंदा थंडी सरता सरता, एका सकाळी, माझ्याखालच्या खाटेवर वारल्या. भिंगरी तेव्हा उशीवर बसून, कोणा नवशिक्याला घेऊन, वर होती.