फोटोत फक्त शेतकरी

"काका, विळा उलटा धरलाय तुम्ही," म्हणत कृषी सहाय्यक दीप्तीने मोबाइल खाली केला.

उत्तम ओशाळून हसला. डोंबिवलीच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, त्याचा विळ्याशी संबंध येणार कधी? नंदाताईने पुढे होऊन धाकट्या भावाच्या हातातला विळा सरळ करून दिला. त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांखाली पिकलेला भात आडवा झाला होता. तिला ते बघवेना.

मोहने गावाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला असलेलं हे सव्वा एकर ती बावीस वर्षं एकटी कसत होती. नवरा गेल्यावर माहेरी आली, वडील गेल्यावर गावातल्या सगळ्या लेकींसारखी हक्कसोडीच्या कागदावर सही करून एक साडी घेऊन घरी आली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बहिणीने भावाचं कशाला घ्यायचं, असं तिलाही मनापासून वाटलं होतं.

आणि उत्तम होताच तसा गुणाचा. अलीकडे दर भाऊबीजेला तो ओवाळणीच्या ताटात दोन हजार रुपये टाकायचा. कोणाच्या भावाने शंभर टाकले, कोणाच्या भावाने पाचशे. नंदाताई मात्र दोन हजारांचं कौतुक आळीभर सांगत फिरायची.

"पीक कुठलं?" दीप्तीने विचारलं.

"भात."

"जात?"

उत्तमने बहिणीकडे पाहिलं. "कर्जत-तीन," नंदाताई म्हणाली.

"काका, शेती स्वतःच करता ना?"

"हो, म्हणजे काय!"

"आणि या मावशी? मजुरीला असतात का?"

उत्तमने घाम पुसला. "हां, असतात मदतीला."

बहीण म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. नंदाताईला वाटलं, घाबरला असेल बिचारा. तिने विचारलं, "कसली गं पोरी ही तपासणी?"

"अहो मावशी, सरकार शेतकऱ्याला वर्षातून तीनदा दोन-दोन हजार देतं ना, बी-खताला. काकांना पहिल्यापासून येतात. ते खरंच शेती करतात का, एवढंच बघायला आलेय."

दोन हजार. नंदाताईने भावाकडे पाहिलं. भाऊ नदीकडे बघत होता.

तीनातला एक हप्ता ताटात पडत होता तर. पैशांचं तिला काही वाटलं नाही. पण आळीत दारोदार मिरवलेलं सगळं आठवलं आणि तिला भर उन्हात मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलावं का? एका वाक्यात भावाचं पितळ उघडं पडलं असतं. पण कागदावर जमीन त्याची होती, आणि तो कागद तिनेच सही करून दिला होता.

"मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत फक्त शेतकरी पाहिजे."

ती बांधावर जाऊन उभी राहिली.

"अजून थोडं मागे. सावली येतेय तुमची."

नंदाताई मागे सरकत सरकत शेजाऱ्याच्या शेतात जाऊन उभी राहिली. फोटो निघाला.

दीप्ती स्कूटीवरून गेल्यावर उत्तम जवळ आला. "ताई, राग नको मानू गं. तुझं नाव घेतलं असतं तर उगाच लफडं झालं असतं. परवा भाऊबीजेला येतोच मी."

"ये ना. तुझ्या आवडीच्या करंज्या केल्यात. फक्त ताटात ते दोन हजार नको टाकू."

"मग काय टाकू?"

"तुझ्या खिशातलं टाक काहीतरी. नसलं तर सुपारी टाक. मी ओवाळीन."

गवताला बूट पुसून उत्तम खाली मान घालून रस्त्याकडे निघाला.

त्याने बांधावर ठेवलेला विळा नंदाताईने उचलला. पदर खोचून ती तो उभा होता तिथेच बसली, आणि बुटांखाली आडवा झालेला भात मुठीमुठीने उचलून कापू लागली.