शपथेवर विकलेली बुन्नी

नजफच्या बाजारात मेलेल्या माशाकडे कुणी ढुंकून बघत नाही. अंगावर खवले हवेत, पाण्यातून निघताना जीव हवा, तरच तो हलाल. म्हणून माशांच्या गल्लीत विकणाऱ्या सगळ्या जणी पत्र्याच्या टबात पाणी भरून बसतात आणि मासा सुस्तावला की त्याला बोटानं डिवचतात. गावाबाहेर पाऊल टाकलं की वाळवंट, उन्हानं डांबर चपलेला चिकटतंय, पण टबातली शेपटी हलली पाहिजे. ती हलली की लोक खूश. पुढचं कुणी विचारत नाही.

सलामची आई, उम्म सलाम, मात्र विचारणाऱ्यांतली. त्या दिवशी सकाळी ती मासेवाल्या सबरियाच्या टबावर वाकली आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या माशाकडे, बुन्नीकडे, बघत राहिली.

"ही अशी डुलते काय गं?"

"उन्हानं डुलते, खाला. मीही डुलतेय. तुम्ही जरा इथं बसा, तुम्हीही डुलाल."

उम्म सलाम हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्यासाठी असती तर दोन शब्द ऐकवून घेऊन गेले असते. सुनेला हवीय. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. आता सहावा लागलाय. पोरीला अन्न बघवत नाही. काल पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं मागितलं, मासा करा म्हणून. खरं सांग, औषधाचा नाही ना?"

नदीत जाळं टाकायचा कंटाळा आलेले लोक पिठाच्या गोळ्यांत कीडनाशक कालवतात आणि पाण्यात फेकतात. मासे झिंगून वर येतात, हातानं गोळा करायचे. जिवंत असतात, तडफडतात, धर्माच्या नियमानं हलालच. सबरियाला हे ठाऊक होतं. पहाटे दिरानं टब भरला तेव्हा मासे तिलाही जरा सुस्त वाटले होते. पण ती पाणथळातली बाई. तिकडचं पाणी आटलं, म्हशी गेल्या, तेव्हा घरदार उचलून ही माणसं या कोरड्या शहरात आली. इथं सगळं सोसलं, पण औषधाचा मासा म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

"आमच्यात असलं करत नाहीत."

"मग घे अब्बासची शपथ."

अल्लाहची शपथ इथं लोक चहाबरोबर घेतात. टॅक्सीवाला घेतो, कांदेवाला घेतो, आणि अल्लाह दयाळू आहे म्हणून दोघंही धडधाकट फिरतात. शहीद अब्बासची गोष्ट वेगळी; तो इमामाचा भाऊ, डोक्यानं गरम. त्याच्या नावानं खोटं बोललेल्यांची तोंडं वाकडी झाल्याचं, जीभ लुळी पडल्याचं प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगतं. सबरियानं टबातल्या माशाकडे एकदा बघितलं. पण शेजारच्या टबांवरच्या बायका कान टवकारून होत्या.

"अब्बासची शपथ, स्वच्छ आहे," ती म्हणाली.

उम्म सलामचा चेहरा उजळला. मासा घरीच साफ करीन म्हणून ती तो तसाच पिशवीत घालून हुवैश मोहल्ल्याच्या दिशेनं गेली. पिशवी बराच वेळ हलत होती.

दुपारची अजान व्हायच्या बेतात सबरियाचा दीर मुहैसिन आला. टबात डोकावून त्यानं मान हलवली.

"मोठी गेली वाटतं. बरं झालं. मला वाटलं, घरी नेतेस की काय."

"नेली असती तर?"

"नको म्हणजे नको. विकायचं ते विक आणि मोकळी हो."

"मुहैसिन, काल जाळं टाकलंस ना?"

तो चपलेनं चिखल उकरत राहिला. मग म्हणाला, "नदीत पाणी तरी आहे का, वहिनी? जाळं टाकून काय येणार, प्लास्टिकच्या बाटल्या?"

सबरियानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर स्वतःचे ओठ चाचपून बघितले. ते जागेवर होते. मग तिला सहावा महिना आठवला. तिनं टब तिथंच लाथेनं उपडा केला, अबाया गुंडाळून घेतली आणि पळत सुटली. मागून मुहैसिन ओरडत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

हुवैशच्या बोळांत ती कधी शिरली नव्हती. घर माहीत नाही, दार माहीत नाही. पण एवढ्या उन्हात कुठली शहाणी बाई घरात भट्टी पेटवेल? मोठा मासा सगळे भाजायला पाववाल्याच्या भट्टीत देतात. पहिल्या भट्टीवर कुणाला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या भट्टीवरचा माणूस घाम पुसत म्हणाला, "बुन्नी ना? उम्म सलामची. आत्ताच घेऊन गेली. काय खमंग भाजलीय म्हणून सांगू, मलाच खावीशी वाटली. डावीकडं वळ, हिरवं दार."

अजान सुरू झाली होती. सबरियाला वाटलं, आता घास उचलला असेल. आता तोंडाजवळ नेला असेल. ती भिंतींना धडकत पळत होती आणि मनात एकच घोकत होती, अब्बास, मला काय करायचं ते कर, पोरीला काही करू नकोस.

हिरवं दार उघडंच होतं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर मधोमध मासा, भोवती भात, कांदा, लिंबू. उम्म सलाम बसली होती आणि सलाम भाकरी मोडत होता.

"खाऊ नका," सबरिया दारातूनच म्हणाली. "औषधाचा आहे."

उम्म सलाम तिच्याकडे बघतच राहिली. "सकाळी शपथ घेतलीस."

"मला माहीत नव्हतं, खाला. दिरानं आत्ता सांगितलं."

"दुसरं गिऱ्हाईक भेटलं असेल," सलाम म्हणाला. "जास्त देणारं. आता मासा परत न्यायला आली."

"शिजलेला मासा परत नेऊन मी काय करू, भाऊ?"

"तेच तर. मग बस आणि जेव."

उम्म सलामनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "अब्बासची खोटी शपथ घेऊन तू हुवैशपर्यंत चालत आली असतीस का, बाई? तोंड बघ तुझं, सरळ आहे. शपथ खरीच होती. ऊन लागलंय तुला, पाणी पी."

सबरियाला रडू फुटलं. तिच्याच शपथेनं तिचं तोंड बंद केलं होतं. सलामनं माशाकडे हात नेला, आणि ती चपलांसकट दस्तरखानावर चढली. तिनं परात उचलून अंगणात भिरकावली. भात, मासा, सगळं धुळीत. अन्नाला पाय लावला, भाकरी तुडवली. सलामनं उठून तिचा दंड धरला.

"कुणी खाल्लं नाही ना?" ती विचारत होती. "एक घासही नाही ना?"

"नाही!" सलाम ओरडला. "आता काय खायचं ठेवलंस?"

तो दंड धरून असतानाच ती खाली बसली, आणि तिला हसूही यायला लागलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात ईनास आली. सून. रोडावलेली, पण आज डोळ्यांत जरा तजेला होता. हातात रिकामी कढली.

"अम्मा, गाभोळी आणखी आहे का हो? सगळी संपवली मी. पोटात राहिलीय, बघा. उलटी नाही झाली."

उम्म सलामनं सकाळी मासा चिरल्या चिरल्या त्याच्या पोटातली अंड्यांची ती गाभोळी तळून दिली होती. गरम गरम, लिंबू पिळून.

सलामनं सबरियाचा दंड सोडला आणि अनवाणीच दवाखान्यासाठी गाडी बघायला बाहेर धावला. उम्म सलाम गुडघ्यांवर सरकत सबरियाजवळ आली आणि तिनं तिची दोन्ही मनगटं धरली.

"काही होणार नाही म्हण," ती कुजबुजली. "शपथ घे, सबरिया. अब्बासची शपथ घेऊन सांग, माझ्या पोरीला काही होणार नाही."

सबरियानं तोंड उघडलं. जीभ जागची हलेना.

ईनास कढली धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिला अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं.