आजारी घरचे पेढे

यंदा भाऊबीजेला पंकजा आली नाही, तेव्हाच मी ओळखलं की तिच्या नवऱ्यानं, कल्याणरावांनी, माझी कथा वाचली. धाकटी बहीण लग्न होऊन संगमनेरला गेली तेव्हापासून तिची भाऊबीज कधी चुकली नव्हती. नवऱ्याला घेऊन सकाळच्या गाडीनं नगरला यायची, मला ओवाळायची, माझ्या बायकोनं, आरतीनं, आणलेल्या साडीला नाकं मुरडायची आणि संध्याकाळी तीच साडी नेसून परत जायची. यंदा नुसता मेसेज आला. 'दादा, या वेळी जमत नाहीये. नंतर सांगते.' नंतर सांगते म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी घडलंय, हे उघड होतं.

मी कथा लिहितो. जिल्हा परिषदेतली नोकरी सांभाळून लिहिलं आणि आता रिटायर होऊनही लिहितोच आहे. दर दिवाळीला एखाद्या तरी अंकात माझं नाव असतं. यंदाच्या अंकातली कथा पंकजाची होती. नाव तिचं नव्हतं, पण घडलेलं सगळं तिचंच होतं.

तिच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. एका सकाळी सासूला 'दादाला टायफॉइड झालाय, बघून येते' म्हणून ती नगरच्या एसटीत बसली. पिशवीत कपडे नव्हते, शाळा-कॉलेजची सगळी सर्टिफिकेटं होती. परत जायचंच नाही असं ठरवून निघाली होती. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, नवरा तर देवमाणूस. 'जीव घुसमटत होता रे,' एवढंच तिनं मला सांगितलं. तारकपूर स्टँडवर उतरली. तिथून माझं घर जवळ, पण ती आली नाही. दिवसभर बाकावर बसून राहिली आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानातून पेढे घेऊन परतीच्या गाडीत बसली. माहेराहून रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पेढे. दारात पाऊल टाकताना तिच्या लक्षात आलं, की आजारी माणसाच्या घरून कुणी पेढे आणत नाही. सासूनं पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि 'चांगला हाय' म्हणाली. विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी पंकजाचा मला फोन आला. 'कुणी विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हण. आणि दादा, हे आपल्या दोघांतच.'

ते दोघांतच राहिलं. आरतीलाही मी कधी बोललो नाही. पण ते पेढे काही डोक्यातून जाईनात. लिहिणाऱ्याच्या हातावर असा पेढा ठेवायचा आणि खाऊ नकोस म्हणायचं, हा शुद्ध छळ आहे. शेवटी यंदा लिहिलीच.

मीही काही कच्चा गडी नाही. नगरचं वर्धा केलं, एसटीची रेल्वे केली. डेअरीत कामाला असलेल्या नवऱ्याचा मास्तर केला. सर्टिफिकेटांचे दागिने केले आणि टायफॉइडची कावीळ केली, कारण कावीळ कथेत खुलून दिसते. फक्त पेढे राहिले. त्यांची बर्फी करून पाहिली, चिवडा करून पाहिला, पण कथा उभी राहीना. मग पेढे तसेच ठेवले. पुन्हा पुन्हा लिहिता लिहिता मला तारकपूरचं स्टँड दिसेनासं झालं आणि वर्ध्याचा फलाटच दिसायला लागला. कथा जमल्याची माझी हीच खूण असते. खरं काय होतं ते मला नीट आठवेनासं होतं.

आता एकेक गोष्ट जुळायला लागली. अंकाचं मुखपृष्ठ मी घरच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले होते, एकट्या कल्याणरावांनी नाही. पाडव्याला त्यांना फोन केला तर 'गडबडीत हाय, मागून करतो' म्हणाले आणि केला नाही. मागे पंकजाचा आवाज आला, तो मला रडवेला वाटला. मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. आरती बघत होती.

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली. "काय केलंय तुम्ही?"

"काही नाही."

"मग बसा की खाली."

मी बसलो नाही. दुसऱ्याच दिवशी अंक पिशवीत घालून संगमनेरची गाडी पकडली. अंक कशाला घेतला ते विचारू नका. वेळ पडली तर ओळीवर बोट ठेवून दाखवता येईल, ही बाई वर्ध्याची आहे म्हणून.

कल्याणराव दारातच होते. हसले, पण मला ते हसणं ओढूनताणून वाटलं. पंकजानं पाणी आणून दिलं आणि लगेच आत गेली. माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. चहा आला, त्यात साखर कमी होती. मी सगळं टिपत होतो. मग कल्याणराव उठले, कपाटातून एक बॉक्स काढला आणि माझ्यासमोर उघडून धरला. पेढे होते.

"घ्या दादा. तुमच्यासाठीच ठिवलेत."

इतका सरळ माणूस, आणि टोमणा केवढा जीवघेणा. मला राहवलं नाही.

"कल्याणराव, त्या कथेतली बाई पंकजा नाही. शपथेवर सांगतो. पेढे काय, कुणीही नेतं."

कल्याणरावांचा हात तसाच राहिला. "कंची कथा?"

"दिवाळी अंकातली."

"मला कुठं टाइम मिळतो वाचायला? टेम्पो घेतला ना आमी. भाऊबीजेच्या दिवशीच ताब्यात मिळाला, म्हणून तर येणं झालं न्हाई. त्याचेच पेढे हायेत. पंकजा म्हणली, दादाला फोनवर नको, समक्ष सांगू." त्यांनी बॉक्स खाली ठेवला. "काय लिव्हलंय तिच्यावर?"

"तिच्यावर नाहीच, तेच तर सांगतोय."

"मग द्या की. वाचतो."

अंक पिशवीत होता आणि पिशवी माझ्या मांडीवर. नाही कसं म्हणणार? त्यांनी खुर्ची दाराच्या उजेडात ओढली आणि सावकाश वाचायला घेतलं. मी दारातून तो टेम्पो पाहिला. त्याच्या काचेवर झेंडूची माळ होती. येताना मी त्याच्या शेजारूनच आलो होतो आणि मला तो दिसला नव्हता. चहाचे कप न्यायला आलेली पंकजा अंक बघून तिथंच थांबली.

कल्याणरावांनी शेवटचं पान उलटलं.

"दादा," ते म्हणाले, "लग्नानंतर एकदा ही तुमाला बघायला आल्ती. तुमाला तवा काय झाल्तं?"

एवढाच प्रश्न होता. आयुष्यभर खोट्या माणसांना खरे आजार देत आलोय मी. एक शब्द हवा होता आणि तो मला अनेक वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेला होता.

"कावीळ," मी म्हणालो.

पंकजानं डोळे मिटले. मग मला कळलं.

"कावीळ ह्याच्यात हाय," कल्याणराव अंकावर हात ठेवून म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमाला टायफॉइड सांगितलेला. म्या आईला म्हणलंबी हुतं, टायफॉइडच्या घरनं पेढे कसे? आई म्हणली, बरा झाला आसंल." ते पंकजाकडे पाहत राहिले. "ह्यातली बाई दागिनं घेऊन जाती. तू काय नेलं हुतं?"

त्यांनी अंक मिटून माझ्या पिशवीवर ठेवला. "पेढा घ्या दादा," म्हणाले आणि बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभे राहिले.

पंकजा मला मागच्या दारानं गल्लीपर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "पंकू, मला वाटलं त्यांनी वाचलीय. मला वाटलं तू चिडलीस."

"मी वाचली होती दादा. अंक आला त्याच दिवशी." तिचा आवाज कोरडा होता. "पेढ्यांपाशी जरा थांबले. मग वाटलं, अशा कितीतरी जणी गेल्या असतील नि परत आल्या असतील. मला ती मी वाटलीच नाही. वाईट वाटलं तिचं, रडलेसुद्धा. तुला सांगणार होते, छान लिहिलंस म्हणून."

मी मान खाली घातली. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही तिला कथा आवडल्याचं बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

"आता आत जाऊन यांना काय सांगू?" तिनं विचारलं. "तूच सुचव काहीतरी. तुला सुचतं ना."

ती खरंच वाट बघत होती. पुढच्या दारी टेम्पोचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पुन्हा लागल्याचा. मला एकही वाक्य सुचलं नाही. ती आणखी थोडा वेळ थांबली आणि मग घरात गेली.