बाटल्यांच्या चालीवरचं गाणं

एखाद्या बँडच्या नादी आपण कसे लागलो, याच्या लोक फार ऐटबाज गोष्टी सांगतात. म्हणे पहिल्याच सुराला अंगावर काटा आला, म्हणे डोळ्यांत पाणी आलं. काटा कसला नि पाणी कसलं! धाकटीने ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला चक्क जांभई आली होती. टेपरेकॉर्डर बिघडलाय असं वाटून ती उठली आणि त्याच्या पाठीत दोन चापट्या मारून आली.

"अगं, बिघडला नाहीये," थोरला म्हणाला. "ते आहेच तसं. बस की जरा गप."

थोरला म्हणजे तिचा सख्खा भाऊ. गप बस म्हणणारा तो, पण घरात सगळ्यात जास्त तोंड त्याचंच चालायचं. आई म्हणायची, याच्या पोटात जन्मतःच रेडिओ राहून गेलाय. त्या संध्याकाळी मात्र तो मांडी घालून, डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या शेजारी टेबल बसला होता.

टेबल हा थोरल्याचा जिवलग मित्र. त्याचं खरं नाव हजेरीच्या कार्डावर असेल तेवढंच. सपाट काही दिसलं की याची बोटं वाजवायला लागत: फळी, पत्र्याचा डबा, स्वतःची मांडी, एकदा तर झोपलेल्या वॉचमनची पाठ. ती कॅसेट त्यानेच आणली होती. कारखान्याच्या फाटकासमोर कॅसेटवाल्या काकांचं दुकान होतं. कुणीतरी परदेशी गिऱ्हाईक त्यांच्याकडे एक कॅसेट विसरून गेलं, ते परत आलंच नाही. काका पुढच्या नव्या मशीनवर सिनेमाची गाणी भरून विकायचे, कारण ती लोकांनी रेडिओवर ऐकलेली असत आणि जरा इकडचं तिकडे झालं तर लोक भांडायला येत. ही बिनओळखीची कॅसेट त्यांनी मागच्या जुन्या मशीनवर चढवली, तिच्यावरून दुसरी भरली आणि टेबलच्या हातात ठेवली.

काकांकडच्या मूळ कॅसेटच्या वेष्टणावर चार केसाळ माणसांचं चित्र होतं. बँडच्या नावाचा उच्चार करायला गेलं की जीभ अडखळायची, म्हणून सगळे त्यांना 'चौघे' म्हणू लागले. गाणं संथ होतं, जड होतं. गाणाऱ्याचा आवाज इतका खोल, की पाठीवर पोतं घेऊन जिना चढणारा माणूस मध्येच थांबून काहीतरी सांगतोय असं वाटावं. भाषा कुणाला कळत नव्हती. पण हा माणूस दमलेला आहे एवढं कळायचं, आणि बाटल्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना तेवढं पुरे होतं.

तिघंही तिथेच कामाला होती. टेबल आणि धाकटी तपासणीच्या पट्ट्यावर, थोरला मागे गोदामात. तपासणीचं काम म्हणजे समोर पांढरा दिवा, त्याच्यासमोरून सरकत जाणाऱ्या रिकाम्या बाटल्या, आणि काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला की ती बाटली उचलून बाजूच्या पिंपात टाकायची. बस्स. दिवसभर तेवढंच. डोळे चुरचुरत, मान आखडे, आणि डोक्यात एकही विचार शेवटापर्यंत पोचत नसे.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर टेबल ते गाणं गुणगुणत होता. गुणगुणता गुणगुणता त्याने जाणाऱ्या बाटलीवर नखाने टिचकी मारली. मग तीन सोडून चौथीवर. मग पुन्हा चौथीवर. धाकटी आधी हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. टिचकी नेमकी गाण्याच्या ठेक्यावर पडत होती. बाटल्या आणि गाणं एकाच चालीने चालले होते, तसूभर मागे नाही की पुढे नाही. जणू त्या चौघांनी हा पट्टा पाहूनच गाणं बांधलं होतं. धाकटीनेही टिचकी मारली. दुपारची शिट्टी झाली तेव्हा ती दचकलीच, कारण कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदा तिला दुपार कधी झाली ते कळलं नव्हतं.

ती चाहती झाली ती अशी. बाकीचेही असेच झाले. आधी शेजारच्या दोघी, मग पॅकिंगच्या बायका, मग भट्टीवरचे गडी. ज्याने त्याने काकांकडून कॅसेट भरून घेतली. "बाटल्या तपासायला ठेवलंय की वाजवायला?" म्हणून सुपरवायझर ओरडायचा, आणि पाठ वळली की त्याचीच बोटं खिशातल्या किल्ल्यांवर चालायची. गाण्याचं धृपद आलं, की अख्खी लाइन एकदम चौथ्या बाटलीवर टिचकी मारायची. त्या एका किणकिणाटासाठी लोक कामावर यायचे म्हटलं तरी चालेल.

आणि धाकटीला टेबल आवडायचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही, टेबललाही नाही. थोरल्याला कळलं होतं, तो तिला येताजाता छळायचा. "सांगू का त्याला? आत्ता सांगू?" म्हणायचा. ती त्याच्या अंगावर धावून जायची. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या वेळी वाटायचं, घाई काय आहे.

मग एका सकाळी गोदामात भरलेल्या पेट्यांची थप्पी कोसळली. टेबल रिकाम्या पेट्या आणायला गेला होता आणि खाली उभा राहून, सवयीने, एका पेटीवर बोटं वाजवत होता. थोरल्याला समोरून थप्पी कलताना दिसली. नुसतं "सरक" म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

तेव्हापासून तो फुटलाच नाही. ज्याचं तोंड मिटत नव्हतं त्या पोराची वाचा बसली ती बसलीच. टेबलला शेवटचं पोचवताना थोरल्याने आपली कॅसेट त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. डॉक्टरांनी घसा तपासला. "घशात काही दोष नाही," ते म्हणाले. "मनाने घेतलंय. जिवाच्या जवळचं काही असेल तर त्याने कदाचित फरक पडेल." आईचं त्याच्या आवडीचं सगळं करून झालं. रागावून झालं, रडून झालं, पाया पडून झालं. तो जेवायचा, कामाला जायचा, परत यायचा. घरात इतकी शांतता झाली, की नळाखाली बादली भरली तरी आई दचकायची.

धाकटीच्या मनात एकच होतं, ते गाणं. पण कॅसेट टेबलबरोबर गेली होती. बाकीच्यांच्या वाजवून वाजवून झिजल्या होत्या, काहींच्या टेपरेकॉर्डरने गिळल्या होत्या. काकांकडची मूळ कॅसेटसुद्धा कुणीतरी उचलून नेली होती, आणि काका दुकान मोडून घड्याळं दुरुस्त करत बसले होते. वर्षं तशीच गेली.

आणि एके दिवशी कारखान्याच्या भिंतीवर पोस्टर लागलं. चार केसाळ माणसं, आता दोघांना टक्कल पडलेलं. चौघे येणार होते! ज्यांना सगळं जग विसरलंय असं वाटत होतं, ते इथे, मैदानावर, येत्या रविवारी संध्याकाळी!

"आई, तो बोलेल," धाकटी म्हणाली. "त्या गाण्याला तो बोलणार. तू बघच."

"तुझ्या तोंडात साखर पडो," आई म्हणाली, आणि पदराने उगाचच ओटा पुसायला लागली.

रविवारी निम्मी लाइन मैदानावर हजर. पॅकिंगच्या बायका ठेवणीतले कपडे घालून, भट्टीवाले दाढ्या करून, सुपरवायझर बायकोला घेऊन, कॅसेटवाले काका काठी टेकत. सगळे एकत्र, एका रांगेत उभे राहिले, पट्ट्यावर उभे राहायचे तसेच. धाकटीने थोरल्याचा हात घट्ट धरला होता. त्यानेही तो सोडवून घेतला नाही. तिने ते चांगलं लक्षण मानलं.

पहिली दोन-तीन गाणी कुणाच्या ओळखीची नव्हती. मग गायक माइकवर काहीतरी बोलला, गर्दी किंचाळली, आणि गिटार वाजली. सूर ओळखीचे होते. अख्ख्या लाइनने टाळीसाठी हात वर उचलले.

आणि टाळी पडेपर्यंत ठेका निघून गेला होता.

पुन्हा हात उचलले, पुन्हा टाळी मागे पडली. स्टेजवर गाणं पळत होतं, उड्या मारत होतं. गायकाचा आवाज पातळ होता, तरणा होता, खुशीत होता. दमलेला माणूस कुठे नव्हता. पोतं नव्हतं, जिना नव्हता. पिकनिकला निघालेल्या पोरांनी बसमध्ये गावं असं ते गाणं होतं. कारखान्याची माणसं हट्टाने चौथ्या बाटलीची वाट पाहत टाळ्या वाजवत होती आणि प्रत्येक टाळी एकटी पडत होती. पुढची पोरं वळून वळून हसायला लागली. गायकाचंही लक्ष गेलं. यांनी मुद्दाम गंमत चालवलीय असं त्याला वाटलं असावं, तो हसून हाताने खूण करायला लागला: भरभर, भरभर.

एकेक हात खाली आला.

"काका," धाकटी कॅसेटवाल्यांच्या कानाशी ओरडली, "हे असं काय गातायत?"

काकांचा चेहरा उतरला होता. "पोरी, हे बरोबर गातायत," ते म्हणाले. "माझं मागचं मशीन... त्याचा रबरी पट्टा सैल झाला होता बहुतेक. हळू फिरत असणार ते. मला वाटलं, यांचं गाणंच असं आहे. मी तरी कुठे दुसरीकडे ऐकलं होतं!"

"मग ते मशीन कुठंय आता?"

"भंगारात. कधीच गेलं."

ज्या गाण्यावर लाइनचे इतके दिवस निघाले, ज्याच्यावर टेबलने बोटं झिजवली, ते या चौघांनी कधी गायलंच नव्हतं. ते एका सैल पट्ट्याने गायलं होतं. जगात ते कुठेच नव्हतं, फक्त एका खिशात होतं आणि तो खिसा मातीत गेला होता.

तिने थोरल्याकडे पाहिलं. तो स्टेजकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तिचा जीव कानात गोळा झाला. तो वाकला, त्याने तोंड तिच्या कानाजवळ आणलं. गंजलेल्या कडीसारखा आवाज आला, पण आवाज त्याचाच होता.

"टेबलला सांगू नकोस," तो म्हणाला.

"दादा!" तिने त्याचे दोन्ही दंड धरले. "दादा, अजून बोल. काहीही बोल. मला शिवी दे, पण बोल रे!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. तोंड मिटलं होतं. स्टेजवर गाणं संपलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. थोरला तिच्या बाजूने आत गेला आणि भिंतीपाशी जाऊन बसला.

"बोलला?" आईने विचारलं.

नाही म्हणायचं असं धाकटीने वाटेत ठरवलं होतं. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ते तिच्याच्याने झालं नाही. "बोलला," ती म्हणाली.

आईने दाराची चौकट धरली. "काय म्हणाला गं?"

धाकटीला पटकन दुसरं काही सुचलं नाही. "घरी चल म्हणाला," ती म्हणाली.

त्यानंतर थोरला एक अक्षर बोललेला नाही. पण आई आता रडत नाही. रोज तो कामावरून आला की त्याच्यापुढे ताट ठेवते, समोर बसते आणि लहान पोराला समजवावं तशी विचारते, "घरी चल म्हणाला होतास ना? मग आलास ना आता घरी? बोल की."